कृपया बसू नये

बारकी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती काडीसारखी होती म्हणून दादाने ते ठेवलं, आणि घरात एकदा चिकटलेलं नाव पुढे अंग भरलं, कानशिलं पांढरी झाली तरी सुटत नाही. बारकीचा धंदा अक्षरं काढण्याचा. पाट्या रंगवण्याचा नव्हे. संगणकावर आपण जी अक्षरं उमटवतो ती आधी कुणीतरी बसून एकेक करून काढलेली असतात, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. ती काढणाऱ्या थोड्याथोडक्या माणसांतली ती एक. चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेऊन ती आणि तिचा भिडू हे काम करत. भिडू म्हणजे शिकत असल्यापासूनचा मित्र, आता धंद्यातला भागीदार. दोघांची टेबलं समोरासमोर, मधे एक कुंडी, आणि त्या कुंडीला पाणी कुणी घालायचं यावरून वर्षानुवर्षं चाललेलं भांडण.

त्या वर्षी ती ‘रेटा’ नावाच्या नव्या अक्षरसंचावर काम करत होती. नाजूक, वळणदार, शेपट्या मुरडणारी अक्षरं काढणारे पुष्कळ होते. तिला मथळ्याचं अक्षर हवं होतं. जाड, अंग चोरून उभं राहिलेलं, एकमेकांना खेटलेलं, सगळीकडे सारख्याच जाडीचं. थोड्या जागेत मोठ्याने बोलणारं. दुकानाचा अरुंद खांब असो की बसच्या कडेची पट्टी, लांबून वाचता आलं पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं, पण अक्षर जाड केलं की त्याच्या पोटातली पोकळी बुजते आणि अरुंद केलं की उरलीसुरलीही जाते. ‘ब’ने तर तिचा जीव खाल्ला. त्याच्या पोटातली तिरकी रेघ बसवायला जागाच उरेना. शेवटी पहिल्या कच्च्या मसुद्यात तिने ते पोट काळं भरून टाकलं आणि मधे नुसती एक उभी फट ठेवली. भिडू बघून हसत सुटला. हा ब नाही, हा नाणी टाकायचा गल्ला आहे, म्हणाला. ती चिडली, पण मग तिने ब नव्याने काढला. त्या पहिल्या मसुद्यात जोडाक्षरंही व्हायची होती. ‘व्या’ लिहायला जावं तर व पायाशी तिरपी रेघ घेऊन एकीकडे उभा राही आणि या दुसरीकडे. असलं अर्धंकच्चं काम ती कुणाच्या हातात देणार? ‘रेटा’ अजून बाहेर गेलाच नव्हता.

त्या सकाळी मैदानाच्या थांब्यावर बसमधून उतरताना कुंपणाच्या भिंतीवर तिला ती अक्षरं दिसली, तेव्हा पहिल्यांदा झाला तो आनंद. रस्त्याच्या पलीकडून एकेक अक्षर वाचता येत होतं. आपण म्हणालो होतो तसंच दिसतंय, असं तिच्या मनात आलं आणि ती चक्क हसली. मग तिच्या लक्षात आलं की ही अक्षरं भिंतीवर असायचं काही कारणच नाही. आणि ती काय सांगताहेत ते तिने सगळ्यात शेवटी वाचलं.

‘कृपया नव्‌या गॅलरीत बसू नये. पूर्वेकडचे खांब तपासून घ्यावेत.’

बसूमधल्या ब च्या पोटात उभी फट होती. खांबातल्या ब च्याही. व आणि या फटकून उभे होते. नवी गॅलरी म्हणजे मैदानाच्या कडेची प्रेक्षकांसाठी बांधलेली काँक्रीटची गॅलरी; अजून तिचं उद्घाटन व्हायचं होतं, आणि पहिलेच सामने शाळांचे होते. ती वापरायला हरकत नाही, या दाखल्यावर सही होती ती दादाची. दादा बांधकाम कार्यालयात इंजिनिअर होता. म्हणजे हे पोस्टर सरळ सरळ तिच्या सख्ख्या भावाच्या तोंडावर मारलेलं होतं, आणि तेही तिच्याच अक्षरात.

भिंतीपाशी चार माणसं जमली होती. हे कुणाचं काम असेल यावर त्यांची चर्चा चालली होती. एकाचं म्हणणं, ज्या ठेकेदाराला काम मिळालं नाही त्याचं. दुसऱ्याला त्यात राजकारण दिसत होतं. खांबांकडे कुणी पाहत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बारकीनेही पाहिलं नाही. ती मान खाली घालून तडक कामाच्या जागी निघून गेली.

दुपारी दादा आला. इतक्या वर्षांत तो त्या जिन्याने वर आल्याचं तिला आठवत नव्हतं. त्याच्या हातात फाडून आणलेलं पोस्टर होतं, चार घड्या घातलेलं. बसला, पाणी प्याला, पंख्याची चौकशी केली. मग पोस्टर टेबलावर पसरून म्हणाला, की कार्यालयात मोठे साहेब भडकलेत, हे कुणी लावलं ते शोधून काढायला सांगितलंय. पुढचं तो खालच्या आवाजात बोलला.

“तू अक्षरांतली. हे अक्षर कुठलं, ओळखता येतं का?”

बारकीने पोस्टर हातात घेतलं, उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं. नको तितका वेळ घेतला. “बघून सांगते,” म्हणाली.

दादा तिच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. मग उठला आणि जिना उतरून गेला. समोरच्या टेबलावर भिडू बसला होता. एवढं सगळं होईपर्यंत त्याने मान वर केली नव्हती, आणि बारकीच्या मनात पाल चुकचुकली ती त्या क्षणी.

कारण उभ्या फटीचा तो ब जगात दोनच ठिकाणी होता, तिच्या संगणकात आणि भिडूच्या. एकदा ही खूणगाठ मनाशी बांधल्यावर बाकीचं आपोआप जुळत गेलं. भिडूच्या मेव्हण्याची बांधकामाची कंपनी होती आणि गॅलरीचं काम तिला मिळालं नव्हतं. तेव्हा भिडू एकदा बोलून गेला होता, की तुझा भाऊ माणूस भला, पण नको तिथे मान डोलावतो. तिने ते तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. आता ते वाक्य तिला पुन्हा पुन्हा ऐकू यायला लागलं आणि दर वेळी त्याचा सूर थोडा अधिक विषारी वाटायला लागला.

ती त्याच्यावर डोळा ठेवू लागली. आणि ठेवल्यावर दिसायलाही लागलं. ती त्याच्या टेबलामागून गेली की तो पडद्यावरचं काम झटकन मिटवायचा. फोन आला की उठून जिन्यावर जायचा आणि दबक्या आवाजात बोलायचा. अधूनमधून न सांगता दुपारचा गायब व्हायचा आणि परत आला की काळा चष्मा लावून बसायचा, वर म्हणायचा की उन्हाचा त्रास होतो. बोलताना डोळ्याला डोळा भिडवेना. पूर्वी तो तिच्या अक्षरांत हजार चुका काढायचा. आता काहीही दाखवलं की लांबूनच ‘छान आहे’ म्हणायचा. चोराच्या वागण्याचं याहून चांगलं चित्र काढायला सांगितलं असतं तर तिला जमलं नसतं.

एकदा तो बाहेर गेलेला असताना तिने त्याचा संगणक उघडला. जुना मसुदा तिथे होता, पण तो असणारच होता. पोस्टरचा मागमूस नव्हता. पुसून टाकलं असेल, असं तिने ठरवलं. खुर्ची पुन्हा जागेवर सरकवून ती आपल्या टेबलाशी येऊन बसली, आणि तो आल्यावर तिने त्याला चहा घेणार का विचारलं. आपला आवाज इतका गोड निघालेला तिला स्वतःलाच आवडला नाही.

आठवडा उलटला नसेल, तोच आणखी पोस्टरं लागली. बसथांब्यावर, शाळेसमोरच्या विजेच्या पेटीवर, वाचनालयाच्या फाटकाशी. मजकूर तोच. दादाचा फोन आला की काही कळलं का. ती म्हणाली, नाही अजून. तोही ‘बरं’ म्हणून गप्प झाला. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाच राग आला. भाऊ तिकडे साहेबांची बोलणी खातोय आणि आपण ज्याला पाठीशी घालतोय तो समोर बसून कुंडीला पाणी घालतोय.

तिने थांब्यावरून एक पोस्टर काढून आणलं होतं. ते तिने भिडूच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्याने चष्मा काढला, कागद उचलून अगदी नाकाशी धरला. बराच वेळ लावला.

“हा जुना ब आहे,” तो म्हणाला.

“तो आपल्या दोघांकडेच आहे.”

“हो.” त्याने कागद खाली ठेवला. “मग तू लावलंस?”

ती नुसती पाहत राहिली. त्या पाहण्याचा अर्थ त्याला हळूहळू कळला, आणि त्याचा चेहरा असा काही झाला की तिला वाटलं आपण थांबावं. पण इतके दिवस आत कोंडलेलं सगळं तोवर तोंडाशी आलं होतं. मेव्हणा, फोन, जिना, दुपारचं गायब होणं, मिटलेला पडदा, सगळं तिने एकामागून एक काढून दाखवलं. तिचं संपल्यावर त्याने आपला कप धुऊन पुसून पिशवीत घातला, पेन्सिली घेतल्या, खुर्चीवरचा स्वेटर घेतला.

“विचारायचं होतं तर पहिल्या दिवशी विचारायचं होतंस,” दाराशी उभा राहून तो म्हणाला. “पाळत कशाला ठेवलीस?”

जिना उतरताना तो कठड्याला धरून, पायरी चाचपत उतरला. तेही तिला नाटकच वाटलं.

त्याच संध्याकाळी, ऊन अजून उतरलं नव्हतं तेव्हा, ती दादाकडे निघाली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. भिडूचं नाव सांगायचं आणि मोकळं व्हायचं. काय बोलायचं ते तिने वाटेत मनाशी घोळवून ठेवलं. दादाच्या घराचं फाटक आलं, तिने कडीला हात घातला, आणि हात तिथेच राहिला.

फाटकावर वहिनीच्या शिवणाच्या वर्गाची पाटी होती. कापडावर छापलेली, उन्हाने थोडी विटलेली. ‘शिवणवर्ग. बॅगा, पडदे, गणवेश.’ बॅगांच्या ब च्या पोटात उभी फट होती.

तेव्हा कुठे तिला आठवलं. वहिनीला वर्ग सुरू करायची घाई होती, बारकी जेवायला आली होती, आणि जेवण झाल्यावर तिने दादाच्या घरच्या संगणकावर आपलं कच्चं अक्षर स्वतःच्या हाताने चढवून ही पाटी करून दिली होती. वहिनीला जाड अक्षर फार आवडलं होतं. पाटी छापून आली, फाटकावर लागली, आणि बारकी त्या फाटकातून कितीदा तरी आतबाहेर झाली होती. स्वतःचं काम डोळ्यांच्या इतकं सरावाचं झालं की दिसेनासं होतं. जिन्याचा कठडा धरून उतरणारा भिडू तिच्या डोळ्यांपुढे आला.

पण संशयाचं असं असतं की त्याला एका घरातून हाकललं तर तो दुसऱ्या घरात शिरतो. आत जाऊन ती बसली तेव्हा तिची नजर वहिनीच्या मागे मागे फिरू लागली. दादा तर स्वतःविरुद्ध पोस्टर लावणार नाही. राहिली कोण? वहिनीचं आणि दादाचं हल्ली फारसं बोलणं नव्हतं, हे तिने मागेच ओळखलं होतं. वहिनी चहा घेऊन आली आणि कप जरा आपटूनच ठेवला. दादाने विचारलं, काही कळलं का गं. बारकी नाही म्हणाली. दादाचे खांदे सैल पडले. दमला असेल बिचारा, असं तिला वाटलं.

दादा कार्यालयात गेलेला असताना ती पुन्हा गेली. वर्गातल्या मुली नुकत्याच घरी गेल्या होत्या आणि वहिनी एकटीच मशीनवर एक लांबलचक पडदा शिवत होती. बारकीने या वेळी पाळत ठेवली नाही की आडून आडून विचारलं नाही. पोस्टर उलगडून मशीनच्या पाट्यावर ठेवलं आणि म्हणाली, “वहिनी, हे तू केलंस का?”

वहिनीने मशीन थांबवलं. पोस्टरं तिने जाता येता पाहिली होती, पण वाचली नव्हती. नवऱ्याविरुद्ध काही लिहिलंय एवढं कळल्यावर तिने तिकडे बघायचंच टाळलं होतं. आता तिने ओठ हलवत पूर्ण वाचलं. मग पुन्हा वाचलं. आणि तिला हसू आलं, ते बघून बारकीला भीती वाटली.

“मी लिहिलं असतं तर ‘बसू नका’ लिहिलं असतं,” वहिनी म्हणाली. “‘बसाल तर मराल’ असंही लिहिलं असतं. ‘कृपया बसू नये’ असं कोण लिहितं? ‘तपासून घ्यावेत’ कोण लिहितं? फ्रिजवर बघ जाऊन.”

बारकी स्वयंपाकघरात गेली. फ्रिजच्या दारावर दादाच्या हातची चिठ्ठी होती: दार उघडे ठेवू नये. खाली: बाटल्या भरून ठेवाव्यात. ही सवय त्याची कॉलेजात असल्यापासूनची. घरात कुणी त्याकडे आता बघतही नसे. बारकी परत येऊन स्टुलावर बसली.

मग वहिनी बोलायला लागली आणि तिला थांबता येईना. तो हल्ली सकाळी उजाडल्याबरोबर फिरायला जातो. कधी जात नव्हता, आता पिशवी घेऊन जातो. झोप नाही, जेवणात लक्ष नाही. परत येतो तेव्हा सदऱ्याच्या बाह्या ओल्या असतात, आणि एकदा तिने धुवायला घेतला तर बाहीला खळ वाळून कडक झालेली. ती काय समजली होती?

“मला वाटलं, कुणी बाई आहे,” वहिनी म्हणाली. “मी त्याचे खिसे बघत होते गं. रोज खिसे बघत होते.” आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली.

दादा घरी आला तेव्हा दोघी त्याच खोलीत बसल्या होत्या, आणि पोस्टर मशीनवर पसरलेलं होतं. तो दारातच थबकला. पायांतले बूट काढून नीट कडेला ठेवायला त्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग आत येऊन तो मुलींच्या बसायच्या चटईवरच बसला आणि त्याने सांगायला सुरुवात केली.

साहेबांनी दाखल्याचा कागद पुढे केला तेव्हा काँक्रीट ओतताना पूर्वेकडच्या खांबांना ठोकलेल्या फळ्याही उतरवायच्या होत्या. उद्घाटनाची तारीख ठरलीय, सही करून टाका, फळ्या उतरल्या की बघून घेऊ, असं सांगितलं गेलं आणि त्याने सही केली. फळ्या उतरल्या. खांबांना तडे होते, आणि हातोडीने वाजवून पाहावं तर आतून पोकळ आवाज. तो साहेबांकडे गेला. साहेब शांतपणे म्हणाले, गॅलरी पडली तरी दाखल्यावर सही तुमची आहे आणि तुम्ही बोंब मारली तरी सही तुमचीच आहे. तेव्हा तो मूग गिळून घरी आला. पण मैदानावरून जाताना शाळेची पोरं त्या गॅलरीच्या पायऱ्यांवर उड्या मारताना दिसली आणि त्याला राहवेना. तोंड उघडायचं धाडस नव्हतं. मग त्याने हे केलं.

“आणि माझंच अक्षर घेतलंस?” बारकीने विचारलं.

तुझं आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं, तो म्हणाला. संगणकातल्या अक्षरांच्या यादीत जे सगळ्यात जाड दिसलं ते घेतलं. पहिलं पोस्टर लावून घरी आलो, फाटक उघडताना पाटी बघितली आणि घाम फुटला. म्हणून तर त्याच दुपारी तुझ्याकडे आलो होतो, तुला कळलंय का ते बघायला.

“तू ‘बघून सांगते’ म्हणालीस ना, तेव्हाच मी ओळखलं. मला वाटलं, तुला सगळं कळलंय आणि तू मला सांभाळून घेतेयस.”

इतके दिवस तो तिला आपली पाठराखीण समजत होता, आणि ती दुसऱ्याच माणसाच्या मानेवर सुरी ठेवून बसली होती. “मी भिडूला घालवलं, दादा,” एवढंच ती म्हणाली. दादाने मान खाली घातली. त्याला वाईट वाटलं यात शंका नाही, पण वाईट वाटून गप्प बसण्याचा त्याचा हा स्वभाव तिला त्या घडीला असह्य झाला. तिने आवाज चढवला नाही. पोस्टर त्याच्या मांडीवर ठेवलं आणि बोट लावून दाखवलं की इथे खाली जागा रिकामी आहे, इथे नाव हवं होतं. नाव नव्हतं म्हणून सगळं गाव लावणाऱ्याला शोधत बसलं. खांबाकडे एकानेही बघितलं नाही, मीसुद्धा नाही.

वहिनी म्हणाली, उद्या मी येते बरोबर.

आणि ती गेली. दादाने आपला दाखला मागे घेतल्याचं स्वतःच्या नावासकट लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा वहिनी दाराबाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिथून दोघं तशीच शाळेत गेली. मुख्याध्यापिका बाईंनी सगळं ऐकून घेतलं, दादाला दोन वेळा विचारलं की तुमची खात्री आहे ना, आणि मुलं पाठवणार नाही म्हणून तिथल्या तिथे बाकीच्या शाळांना फोन लावले. प्रेक्षकच नाहीत म्हटल्यावर उद्घाटन ढकलावं लागलं. बाहेरून तपासणारे आले, त्यांनी खांबांना भोकं पाडली, आणि गॅलरीभोवती दोर बांधून ती बंद झाली. पुढे पूर्वेकडचा सगळा भाग पाडला. सामने झाले, मुलं मैदानाच्या कडेला सतरंज्या टाकून बसली आणि गॅलरीत बसून केला असता तेवढाच गोंधळ त्यांनी तिथे केला.

दादाला मात्र कुणी हार घातला नाही. त्याला घरी बसवून चौकशी लावली. साहेबांची बदली झाली, तीही त्यांना हव्या होत्या त्या ठिकाणी. काही लोक म्हणाले, हा आपली कातडी वाचवायला शेवटच्या घटकेला बोलला. त्यात थोडं तथ्य होतं आणि दादाने ते कधी नाकारलं नाही. तो आता दिवसभर वहिनीच्या वर्गात कापड आखून देतो. रेघा सरळ काढतो, मुलींना म्हणे आवडतो. वहिनी त्याच्याशी बोलू लागलीय, पण खिसे तपासायची सवय अजून पुरती गेलेली नाही, असं तिनेच बारकीला सांगितलं.

भिडूकडे जायला बारकीने दिवस लावले. फोन केला तर तो उचलत नसे. शेवटी ती एका सकाळी त्याच्या घरी जाऊन उभी राहिली. दार त्याच्या बायकोने उघडलं आणि तिला उंबऱ्यातच ठेवलं. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पडून आहे, म्हणाली. उजव्या डोळ्याचा पडदा सुटत चालला होता, कितीतरी महिने. दवाखान्यात फेऱ्या चालल्या होत्या. संगणकावर अक्षरं हाताएवढी मोठी करून काम रेटत होता. कुणी बघू नये म्हणून मिटवायचा. ज्याला दिसत नाही त्याच्याबरोबर अक्षरं कोण काढेल, या धास्तीने त्याने घराबाहेर कुणाला कळू दिलं नाही.

“तुला तर मुळीच नाही,” बायको म्हणाली, आणि बाजूला झाली.

भिडू डोळ्याला पट्टी बांधून उताणा पडला होता. आवाजावरून त्याने तिला ओळखलं, पण मान वळवली नाही. डॉक्टरांनी हलायला मनाई केली होती. बारकीने माफी मागितली. काय घडलं ते पहिल्यापासून सांगितलं, दादाचं, फाटकावरच्या पाटीचं, आणि तो नसताना त्याचा संगणक उघडल्याचंही. तो ऐकत होता. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, की खुर्चीची बैठक तू खाली करून ठेवली होतीस, मला तेव्हाच कळलं होतं. तिने निघते म्हटलं तरी बस म्हणाला नाही.

तो परत कामावर आला नाही. त्याचं टेबल तिने तसंच ठेवलं, मग एके दिवशी त्याच्या मेव्हण्याने गाडी आणून ते नेलं. धंद्यातली त्याची भागीदारी कागदोपत्री राहिली, कारण ती मोडायचा विषय दोघांनीही काढला नाही. ‘रेटा’ची जोडाक्षरं बारकीला एकटीने पुरी करावी लागली, आणि ती करताना तिच्या ध्यानात आलं की समोर कुणी नाक मुरडणारं नसलं की चुका सापडत नाहीत.

पट्टी निघाल्याचं कळल्यावर तिने सगळी जोडाक्षरं दाराएवढ्या कागदांवर छापून घेतली आणि गुंडाळी काखेत मारून पुन्हा त्याच्याकडे गेली. या वेळी बायकोने दार पूर्ण उघडलं. बारकीने त्याच्या बैठकीच्या खोलीत भिंतीला कागद चिकटवले. तो खुर्चीवर बसून बघत होता, एक डोळा बारीक करून.

“आज काय बघायला आलीस?” त्याने विचारलं. आवाजात धार होती, आणि ती होणारच हे तिने धरलेलं होतं.

“तू बघ,” ती म्हणाली. “मी काही बघत नाही. हवं तर बाहेर बसते.”

ती खरंच बाहेर जाऊन त्याच्या बायकोबरोबर शेंगा सोलत बसली. आतून बराच वेळ काही आवाज नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं भिंतीजवळ गेली, मागे आली, पुन्हा जवळ गेली. शेवटी त्याने हाक मारली. तिलाच मारली, पण पूर्वीसारखी नव्हे, जरा परक्या माणसाला मारावी तशी.

“हा ‘ष्ठ’ काय काढलायस? जिन्यावरून पडलाय का?”

बारकी हात पुसत आत गेली. ष्ठ तिला चांगला वाटत होता, आणि तसं तिने त्याला सांगितलं.